कंसातला पामाश

सबटायटल आपोआप उगवतात असा पुष्कळांचा समज आहे. मंडळाच्या गणपतीत एका काकांनी मला विचारलं होतं, "म्हणजे तू टायपिंग करतेस?" मी म्हटलं, नाही. "मग सिनेमात काम करतेस?" तेही नाही. "मग नक्की करतेस काय?" आणि उत्तर ऐकायला न थांबता ते मोदकांच्या लाइनीत गेले. तेव्हा इथे आधी धंदा समजावते. लाइनीत जायचं असेल तर आत्ताच जा.

एखादा परभाषेतला सिनेमा येतो. एक जण तो ऐकतो, कोणतं वाक्य कधी दिसणार आणि कधी जाणार ते ठरवतो आणि खाली इंग्रजी लिहितो. या फाइलला टेम्प्लेट म्हणतात. मग आम्ही बाकीचे, मराठी, हिंदी, तमिळ, व्हिएतनामीवाले, त्याच फाइलवर आपापल्या ओळी भरतो. सिनेमा जपानी असो की रशियन, आम्ही भाषांतर करतो ते इंग्रजीचं. टेम्प्लेटवाल्याला जे ऐकू आलं नाही, ते मग जगात कोणालाच ऐकू येत नाही.

ज्याचे शब्द लिहायचे नाहीत ते चौकोनी कंसात जातं. [दार आपटतं]. [कुत्रा भुंकतो]. कंसात गेलं की तो नुसता आवाज. त्याला अर्थ असायची गरज उरत नाही.

हे सगळं मी पोटासाठी करते. मूळची मी पत्रकं लिहिणारी. इथल्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, असताना कॅफेमालक आमच्यासारख्यांना कसे लुबाडतात यावर पत्रकं लिहिली, ब्लॅकटाउन स्टेशनबाहेर उभं राहून वाटली. महामारी आली, परदेशी विद्यार्थ्यांना 'परवडत नसेल तर घरी जा' असं सांगितलं गेलं, विमानं तर बंद. तेव्हा तर मी रोज लिहीत होते. पत्रकाने एक सवय लागते. पहिल्या वाक्यात आरोप, दुसऱ्यात पुरावा, तिसऱ्यात मागणी. विशेषणं कमी, फाँट मोठा. सबटायटललाही तेच लागतं म्हणून मला हे काम जमलं असावं. गिऱ्हाइकं मात्र दोन्हीकडे सारखीच. एका खात्याने लॉकडाउनच्या नियमांची क्लिप मशीनकडून मराठीत करून घेतली आणि माझ्याकडे 'जरा नजर टाक' म्हणून पाठवली. पहिलीच ओळ होती, 'एकट्या राहणाऱ्याने एक बुडबुडा निवडावा.' (मूळ शब्द 'बबल': एकट्याने राहत असाल तर भेटायला एकच माणूस ठरवा.) मी ती सगळी पुन्हा लिहून दिली. त्यांनी आभार मानले आणि बुडबुडाच प्रसिद्ध केला, कारण तो आधीच मंजूर झाला होता.

मंजूर झालेलं बदलत नाही. या धंद्यातला खरा देव तो आहे. पुढची सगळी हकिगत त्याच्याशी झालेल्या भांडणाची आहे.

दुसऱ्या वर्षीचा लांबलेला लॉकडाउन होता. मी गिरावीनला परेशभाईंच्या घरात पुढची खोली भाड्याने घेतली होती. मागच्या अंगणात ग्रॅनी फ्लॅट, म्हणजे सुटं एका खोलीचं घर, आणि त्यात लिदिया. दोघींची कपड्यांची दोरी एक. तेवढंच आमचं सामाजिक जीवन. पहिल्या दिवशी मी सवयीने 'आंटी' म्हटलं तर ती म्हणाली, "मी कोणाची आंटी नाही. लिदिया." (तिचं इंग्रजी मी इथे मराठीत देतेय. तिच्या इंग्रजीत 'अ' आणि 'द' ही उपपदं नसत, मराठीतही नाहीत, त्यामुळे विशेष काही हरवत नाही.)

लिदिया शाळेत भूगोल शिकवायची, व्होल्गाकाठच्या एका गावात. ती मारी आहे. हे लोक तिथल्या जंगलात पूर्वीपासून राहतात, देश रशिया, पण भाषा रशियन नव्हे. तिचं नातं दूरच्या फिनिशशी. 'मारी म्हणजे बिस्किट का?' हा विनोद माझ्या जुन्या रूममेटने करून झाला आहे, तुम्ही कष्ट घेऊ नका. मुलगी नर्स म्हणून इकडे आली तिच्यामागे लिदिया आली. मग मुलीला डार्विनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, लिदिया नंतर जाणार होती, आणि तेवढ्यात राज्याराज्यांमधल्या सीमा बंद झाल्या. एकाच देशात राहून आजीला नातीकडे जाता येत नव्हतं. नात तान्या, प्रायमरी शाळेत. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. लिदिया मारीत विचारायची, तान्या इंग्रजीत उत्तर द्यायची. तुमच्या घरीही हेच चालतं, त्यामुळे जास्त सांगत नाही.

एका सरकारी ऑनलाइन फिल्म फेस्टिव्हलचं काम माझ्याकडे आलं. स्थलांतरितांसाठी जगभरचे जुने सिनेमे, सबटायटल इंग्रजीत आणि इतर भाषांत. माझ्याकडे मराठी. त्यात एक कृष्णधवल रशियन बोलपट होता, बोलपट नुकते सुरू झाले तेव्हाचा, रस्त्यावर वाढलेल्या अनाथ पोरांच्या टोळीवरचा. करारामुळे नाव सांगता येत नाही. टोळीचा म्होरक्या म्हणजे एक रुंद चेहऱ्याचा, बारीक डोळ्यांचा, हसला की पडदाभर होणारा मुलगा. मध्यावर एक प्रसंग आहे. पोरं रिकाम्या मालगाडीच्या डब्यात बसलीत, तो उठतो, डावा हात पाठीमागे घेतो, उजवा पुढे पसरतो आणि गायला लागतो.

टेम्प्लेटमध्ये त्या पूर्ण गाण्याला एकच ओळ होती. [अगम्य बरळत गातो]. इंग्रजीतला शब्द 'जिबरिश'.

मी मराठीत तेच लिहिणार, तेवढ्यात खिडकीबाहेर कोणीतरी त्याच्यासोबत गायला लागलं. लिदिया. हातात ओली उशीची खोळ. तिने गाणं शेवटपर्यंत म्हटलं आणि मग खिडकीवर टकटक केलं.

"हे कोणी लावलं?"

"मी. माझं काम आहे. तुला हे येतं?"

"आमच्याकडे सगळ्यांना येतं. हा पामाश आहे. ही त्याची कविता आहे." मग तिने चष्मा वर करून स्क्रीनवरचा कंस वाचला. "हे तू लिहिलंस?"

"नाही. इंग्रजीत आहे, मी फक्त..."

"तू फक्त मराठीत लिहिणार होतीस."

पुढचं तिने खिडकीत उभं राहूनच सांगितलं. तान्याने मागे कधीतरी नेटवरच्या एका भिकार कॉपीत हाच तुकडा पाहिला होता. खाली हाच कंस. मग फोनवर तिने आजीला (इकडची पोरं आजीला 'नाना' म्हणतात) विचारलं होतं, "नाना, तुझी लँग्वेज म्हणजे ती जिबरिशवाली का?" तेव्हापासून तान्या मारीत 'हो' आणि 'नाही'सुद्धा म्हणत नव्हती. आता हा फेस्टिव्हल येणार, लिदियाने आधीच ठरवलं होतं, रविवारी दुपारी दोघींनी एकाच वेळी लावायचा, ती इथून, तान्या तिथून. "आणि पुन्हा तिला तेच वाचायला मिळणार," ती म्हणाली. "या वेळी सरकारी इंग्रजीत."

पामाशबद्दल पुढचे काही दिवस मी दोरीखाली उभी राहून ऐकत होते. त्याचं हे टोपणनाव. आईबाप लवकर गेले. आंधळ्या भिकाऱ्यांना हात धरून गावोगाव नेण्याचं काम तो लहानपणी करायचा. त्यांची गाणी ऐकून ऐकून कविता करायला लागला. नंतर शाळा, मग वर्तमानपत्रात कविता, मग मोठ्या शहरात सिनेमाचं शिक्षण. दिग्दर्शकाला रस्त्यावरच्या पोराचा चेहरा हवा होता, तो या पोराकडे आयताच होता. भूमिका मारी माणसाची नव्हतीच. पण डब्यातल्या प्रसंगात दिग्दर्शक म्हणाला, गा तुला येईल ते. त्याने स्वतःची कविता गायली. सिनेमा देशोदेशी गेला. त्याच्याआधी त्याची भाषा पडद्यावर कोणी ऐकली नव्हती.

मग ती वर्षं आली जेव्हा कवींना घरातून उचलून नेत. त्याला नेलं. तो परत आला नाही. पुस्तकं गोळा करून नष्ट केली, सिनेमाच्या श्रेयनामावलीतून त्याचं नाव खरवडलं. चेहरा मात्र खरवडता येईना, कारण तो जवळजवळ प्रत्येक प्रसंगात होता. सिनेमा चालूच राहिला. लोक बिननावाच्या माणसाला हसत पाहत राहिले.

हे ऐकल्यावर माझ्यासारखी बाई काय करणार? मी ग्लेनला व्हिडिओ कॉल लावला.

ग्लेन आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, मेलबर्नला. माणूस वाईट नाही, ही त्याच्याबद्दलची सर्वांत त्रासदायक गोष्ट आहे. त्याच्यामागे त्याची मुलगी घरून शाळा करत होती आणि मधूनमधून त्याच्या डोक्यावर स्टिकर लावत होती.

"मेट, टेम्प्लेट लॉक्ड आहे," तो म्हणाला. "क्यूसीवाल्याने तपासून पास केलंय."

"क्यूसीवाल्याला मारी येतं?"

"आपल्याकडे एक माओरी ट्रान्सलेटर आहे, त्याला विचारू का?"

"मारी, ग्लेन. वेगळी भाषा, वेगळा खंड."

"ड्रॉपडाउनमध्ये नाहीये." तो खरोखर शोधत होता. "माओरी आहे, मराठी आहे, त्यापुढे काही नाही."

"म्हणून ती बरळ ठरते?"

"लूक, गाण्यांचा नियम तुला माहितीये. कथेला लागत असेल तरच शब्द द्यायचे. हे गाणं कथेला लागत नाही. तो नुसता गातो. नो वरीज, मी नोंद करून ठेवतो."

नोंद करून ठेवतो म्हणजे काय, ते ज्यांनी कोणत्याही ऑफिसात काम केलंय त्यांना माहीत आहे.

तेव्हा मी जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. आरोप: एका भाषेला बरळ म्हटलं गेलंय. पुरावा: कवीचं आयुष्य, अटक, खरवडलेलं नाव, आता सबटायटलमधून दुसऱ्यांदा तेच. मागणी: सिनेमाच्या सुरुवातीला काळ्या पाटीवर त्याचं नाव आणि त्याचं काय झालं ते. फेस्टिव्हलवाल्यांना पाठवलं, भाषांतरकारांच्या ग्रुपवर टाकलं, आपल्या मंडळालाही सही मागितली. मंडळाचं उत्तर आलं की विषय चांगला आहे पण आपला काय संबंध, आणि शक्यतो राजकीय नको. मराठी अभिमान गीतावर रांगोळी काढणाऱ्या मंडळींना दुसऱ्या एका छोट्या भाषेशी आपला संबंध दिसत नाही, याची मला अजूनही चीड येते. ते मंडळाच्या या अंकात छापून येईल का ते बघू.

पत्रक मी लिदियाला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं. ती कपड्यांना चिमटे लावत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"फाडून टाक."

"का? यातलं काय खोटं आहे?"

"काहीच नाही. तू त्याला पुन्हा पकडून नेलंस, एवढंच."

"लिदिया, लोकांना कळायला नको का?"

"माझी नात दहा मिनिटं सिनेमा बघायच्या आधी तू तिला सांगणार, हा जो मुलगा आता हसेल ना, त्याला मारून टाकलंय. मग ती त्याला बघणारच नाही. मेलेल्याला बघेल. डब्यात तो गातो तेव्हा अजून काही झालेलं नाहीये. तो पोरगा आहे, त्याला भूक लागलीये, तो गातोय. तिला त्याचे शब्द वाचू दे."

"आणि नाव? नाव नको?"

"नाव पाहिजे. नाव कोणी नको म्हटलं? फाशी नको."

मी वाद घातला. अंगणात, मास्क लावून, दोन बायका ओल्या चादरीच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून एका मेलेल्या कवीवरून भांडतायत हे परेशभाई वरच्या खिडकीतून पाहत होते. मला अजूनही वाटतं की सुरुवातीला पाटी असायला हवी होती. ज्यांनी नाव खरवडलं त्यांनी खरवडलं असं लिहिलंच पाहिजे. पण आजी ती होती आणि नात तिची होती.

शेवटी मी विचारलं, "कवितेत आहे तरी काय?" इतके दिवस हे विचारायचं राहिलंच होतं. मोहीम काढणाऱ्यांचं होतं असं.

तिने ओळीओळीने सांगितलं. मारी लोकांत सदऱ्याच्या बाह्यांवर भरतकाम करतात, ते काम आईचं. पामाशच्या कवितेत आईने एक बाही भरली आणि ती वारली. दुसरी तशीच कोरी. पोरगा तोच सदरा घालून जत्रेला जातो.

मी घरात पळाले आणि तो प्रसंग पुन्हा लावला. डावा हात पाठीमागे. पूर्ण गाणंभर. बाकीची पोरं टाळ्या वाजवायला लागतात तेव्हासुद्धा तो एकाच हाताने मांडीवर थाप देतो. मला तो हात माज वाटला होता, म्होरक्याचा रुबाब. टेम्प्लेटवाल्यालाही वाटला असणार. आणि पुढे, सिनेमाच्या शेवटाकडे, एक धाकटं पोर त्याला दोन्ही हात धरून नाचायला ओढतं तेव्हा तो पहिल्यांदा डावा हात बाहेर काढतो. शब्द नसतील तर तो प्रसंग म्हणजे नुसता नाच.

ग्लेनला मी ईमेल केलं नाही. पुन्हा व्हिडिओ कॉलवर घेतलं, स्क्रीन शेअर केली आणि विचारलं, "तू हा सिनेमा पाहिलायस?"

"मॅनेजरला वेळ कुठे असतो, मेट."

"आता पाहा. तो हात मागे का ठेवतो?"

"स्टाइल?"

मी ओळी वाचल्या. मग शेवटचा नाच लावला. त्याची मुलगी त्याच्या खांद्यावरून बघत होती. "डॅड," ती म्हणाली, "ते लिहिलं का नाही मग?"

ग्लेनने डोक्यावरचं स्टिकर काढलं. "ओके," तो म्हणाला. "कथेला लागतंय. लागतंय म्हणून नियमात बसतंय. मी एक चेंज रिक्वेस्ट काढू शकतो. एकच. एक जागा. सुरुवातीची पाटी किंवा हे गाणं. दोन्ही मागितलंस तर वर जाईल आणि वर गेलेलं खाली येत नाही."

त्याचं हे वाक्य खरं होतं, म्हणून जास्त राग आला. मी म्हटलं, गाणं.

मग खरं काम सुरू झालं. सबटायटलच्या ओळीला लांबी असते आणि वाचायला वेळ द्यावा लागतो. गाणारा भराभर गायला तर तुम्हाला शब्द टाकावे लागतात. लिदिया खिडकीबाहेर खुर्ची टाकून बसली, मी आत.

"'आईने' काढू नकोस."

"काढलं नाही. 'माझ्या' काढलं."

"कोणाची आई मग?"

"त्याचीच. तोच गातोय ना."

"भूगोलाच्या पेपरात मी याला अर्धा मार्क दिला असता."

इंग्रजी झालं, मग मी मराठी केलं. ते इथे देते, कारण ते माझं सर्वांत चांगलं काम आहे:

एक बाही आईने भरली,
दुसरी तशीच राहिली.
जत्रेत हा हात मिरवतो,
तो मागे धरतो.
विचारू नका दुसरी कुठाय.
ती अजून शिवतेय.

राहिला प्रश्न नावाचा. पाटी गेली होती. पण गाणं सुरू होण्याआधी तो क्षणभर नुसता गुणगुणतो. तिथे शब्द नाहीत, म्हणून तिथे नियमाने कंस लागतो. आणि कंसात काय लिहायचं ते ठरवणारी, त्या एका चेंज रिक्वेस्टपुरती, मी होते. मी लिहिलं: [पामाश मारी भाषेतली स्वतःची कविता गातो].

ग्लेनने वाचलं. पात्राचं नाव घालायचं असतं, नटाचं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. "टायपो दिसत नाही," तो म्हणाला आणि पास केलं.

रविवारी दुपारी, इकडच्या भाषेत 'आरवो'ला, अंगणात मऊ ऊन होतं. लॅपटॉप खुर्चीवर, एका बाजूला लिदिया, नियमाचं अंतर सोडून मी. तान्या फोनवर, फोन फ्लॉवरपॉटला टेकवलेला. तिच्याकडे डार्विनचा पंखा गरगरत होता आणि ती आइसब्लॉक, म्हणजे बर्फाची कांडी, चोखत होती. पहिला अर्धा भाग ती बोअर झाली आणि तसं सांगत राहिली. मग डबा आला.

तान्या ओळी मोठ्याने वाचायला लागली, इंग्रजीत, शाळेत वाचतात तशा. 'ती अजून शिवतेय' पाशी थांबली.

"नाना, पण ती मेलीये ना?"

"हो."

"ओ. म्हणून हात मागे." जरा वेळाने, "हे तुमच्यातलं आहे? मारी?"

"आपल्यातलं," लिदिया म्हणाली.

"खाली लिहिलंय पामाश. तो खरा आहे? नंतर त्याचं काय झालं?"

लिदियाने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे त्या प्रश्नाचं दोन पानी उत्तर तयार होतं. तिने मान हलवली, सांग म्हणून. "तू सांग," ती म्हणाली. "आता तिने त्याला बघितलंय."

मी सांगितलं. त्याला पकडून नेलं, तान्या. तो परत आला नाही. त्याचं नाव या सिनेमातून पुसून टाकलं, कोणी त्याला ओळखू नये म्हणून.

तान्या विचार करत आइसब्लॉकची काडी चावत होती.

"दॅट्स सो डंब," ती म्हणाली. "तो तिथेच आहे की."

आणि तिने तिच्याकडचा सिनेमा मागे घेतला. आमच्या लॅपटॉपवर पोरं डब्यातून उतरून रुळांवरून चालायला लागली होती. फोनमधून तो पुन्हा गुणगुणायला लागला. लिदियाने आमचा आवाज बंद केला. मग ओळ येण्याआधीच ती म्हणायला लागली, सावकाश, आणि तिच्यामागून अडखळत, अर्धे शब्द चुकवत, डार्विनमधून दुसरा आवाज.